आधी कुणाचं फेडायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय ४०. नवरा कारखान्यात, हातात येणारा पगार ४१,००० रुपये. त्या स्वतः घरी पहिली ते पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतात, त्याचे ८,००० मिळतात. घर सासऱ्यांनी बांधलेलं, म्हणून भाडं नाही. मुलगा नववीत, मुलगी चौथीत, सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. त्यासाठी ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं: १४ टक्के व्याज, चार वर्षांची मुदत, ८,२०० रुपये हप्ता, त्यातले २९ हप्ते अजून बाकी. पुढे फिजिओथेरपी, औषधं, मुलांची फी असं करत नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर १ लाख ४० हजार साचले. तिथे दर महिन्याला 'किमान रक्कम' म्हणून ७,००० भरतात. मोठ्या भावाकडून ६०,००० हातउसने घेतलेत, त्याला महिन्याला ४,००० देतात. मोबाइलचे १,९०० रुपयांचे सात हप्ते राहिलेत. बारा जणींच्या भिशीत ३,००० जातात, नंबर चार महिन्यांनी लागणार आहे. वाण्याकडे साडेसहा हजारांची उधारी. एवढं सगळं देऊन दर महिन्याला तीन-साडेतीन हजार कमी पडतातच, आणि ते पुन्हा कार्डावर जातात.

नवरा म्हणतो, पाच लाखांचं एकच मोठं कर्ज काढू, सगळी देणी मिटवू. ताईंची आई म्हणते, काहीही कर पण सोन्याला हात लावू नकोस. ताईंकडे पाच तोळे आहेत. "मी पै पै वाचवते तरी कर्ज जागचं हलत नाही. मला संसारच करता येत नाही असं वाटायला लागलंय. आधी कुणाचं फेडू?" असं त्या विचारतात.

ताई,

पत्रासोबत तुम्ही खर्चाच्या वहीचं एक पान उतरवून पाठवलंत. ते मी दोनदा वाचलं. मेथी २०, गिरणी ३५, सासूबाईंच्या गोळ्या, रिक्षा, वही-पेन. दूध दीड लिटरचं एक लिटर केलं. पेपर बंद केला. मुलाला सहलीला पाठवलं नाही. आणि खाली, जवळजवळ जाता जाता: डोळ्यांचा नंबर वाढलाय, डोकं दुखतं, पण चष्मा पुढच्या वर्षी बघू.

हे पान लिहिणाऱ्या बाईला संसार करता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. तुमचं कर्ज भाजीतून आलेलं नाही, दुधातून आलेलं नाही. ते एका पडण्यातून आणि एका ऑपरेशनमधून आलंय. कितीही नेटका संसार असला तरी तीन लाखांचं बिल घरखर्चातून निघत नसतं. म्हणून ते घरखर्च कापून फिटेल ही अपेक्षाही चुकीची आहे, आणि गेले कित्येक महिने तुम्ही त्या अपेक्षेची शिक्षा स्वतःला आणि मुलांना देताय.

आता तुमच्या वहीत जे लिहिलेलं नाही ते बघू. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे असं तुम्ही कळवलंय. १ लाख ४० हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे ४,९००. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८८२. एकूण ५,७८२ रुपये. तुम्ही ७,००० भरता, तेव्हा मुद्दलातून फक्त १,२१८ कमी होतात. त्याच महिन्यात तीन-साडेतीन हजारांचा किराणा त्याच कार्डावर घेतला जातो. म्हणजे सात हजार भरूनही देणं दोन हजारांनी वाढलेलं असतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागची पूर्ण रक्कम भरलेली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वाण्याकडे कार्ड फिरवलं त्या दिवसापासून त्या तांदूळ-डाळीवर व्याज सुरू होतं.

अर्धा लिटर दूध कमी करून तुमचे महिन्याला साधारण ९०० रुपये वाचतात. कार्ड तुमच्याकडून ५,७८२ नेतं. कर्ज हलत का नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता भावाच्या चार हजारांबद्दल. हे देणं बिनव्याजी आहे. तरी तुम्ही ते सगळ्यात नेटानं फेडताय. का, ते तुम्हीच लिहिलंय: राखीपौर्णिमेला वहिनी म्हणाल्या, "आमचंही यंदा जरा अडलंय." बस, एवढंच. त्या दिवसापासून चार हजार ठरले, आणि ते भरता यावेत म्हणून किराणा कार्डावर गेला. नीट पाहिलंत तर भावाचं बिनव्याजी देणं तुम्ही महिन्याला साडेतीन टक्क्यांचं कर्ज काढून फेडताय.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात अठरा वर्षं काम केलं. माणसं देणी व्याजाच्या क्रमानं फेडत नाहीत, लाजेच्या क्रमानं फेडतात, हे मी तिथे रोज पाहिलं. ज्याच्यासमोर मान खाली जाते त्याचे आधी. नात्यातले, शेजारचे, वाणी, जामीनदार. ज्याला तोंड नाही, जे फक्त कागदावर येतं, ते शेवटी. कार्ड कधी दारात येऊन उभं राहत नाही, लग्नात भेटून टोमणा मारत नाही, म्हणून त्याला किमान रक्कम टाकून गप्प बसवलं जातं. आणि वाढतं तेच.

ही लाज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भाऊ-बहिणीत पैशावरून आलेला दुरावा कुठल्याही व्याजापेक्षा महाग पडतो. पण लाजेवरचा उपाय मोठी रक्कम नव्हे. भावाला फोन करा, वहिनी घरात असताना करा, आणि आकडे सांगा: "दादा, कार्डाचं व्याज आम्हाला खातंय. ते आधी मिटवतो. तोवर तुला दर महिन्याच्या ७ तारखेला दीड हजार येतील, आणि भिशी लागली की एकरकमी काही देईन." बहुतेक वेळा देणाऱ्याला पैशांपेक्षा आपण विसरले गेलो नाही ना, याची खात्री हवी असते. कधी चार हजार, कधी काहीच नाही, आणि मग फोन टाळणं, यानं नातं बिघडतं. ठरल्या तारखेला आलेल्या दीड हजारानं बिघडत नाही. दादा नाही म्हणाला, त्यालाही खरंच नड असली, तर मला पुन्हा लिहा. मग हिशेब वेगळा मांडू.

आता सोनं. आईंचं म्हणणं मला समजतं. आपल्याकडे बाईचं म्हणावं असं तेवढंच असतं, आणि एकदा घराबाहेर गेलेलं सोनं परत आल्याचं तिनं आजूबाजूला फारसं पाहिलं नसेल. म्हणून विकू नका, हे मीही म्हणते. पण तारण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे. राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेत सोनेतारण कर्ज वर्षाला साधारण ९ ते ११ टक्क्यांनी मिळतं. कार्डाचा दर वर्षाला ४२ टक्के पडतो, वर कर वेगळा. सोन्याच्या किमतीच्या साधारण तीन-चतुर्थांश कर्ज मिळतं असं धरलं, तरी आजच्या भावात १ लाख ४० हजारांसाठी तुमचे पाचही तोळे लागू नयेत. पाटल्या भागवतील. गंठण घरात राहील.

हिशेब असा. १ लाख ४० हजार, १० टक्के दर, २४ महिने: हप्ता ६,४६० रुपये. म्हणजे आज किमान रक्कम म्हणून जे सात हजार जातात त्याहून कमी, आणि दोन वर्षांत देणं संपून पाटल्या परत घरी. त्याउलट, आजपासून कार्डावर एक रुपयाची खरेदी न करता दरमहा ७,००० भरत राहिलात, तरी साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागेल.

तारण ठेवताना काही गोष्टी जपा. मासिक हप्त्याचंच सोनेतारण मागा. बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीस एकदम मुद्दल आणि व्याज भरायचा प्रकार असतो. तो स्वस्त वाटतो, पण वर्ष संपतं तेव्हा हातात रक्कम नसते, मग नूतनीकरण, मग पुन्हा नूतनीकरण, आणि एखाद्या वर्षी लिलावाची नोटीस. आईंची भीती बहुधा यातूनच आलेली आहे आणि ती रास्त आहे. वजन तुमच्यासमोर करून घ्या, प्रत्येक दागिन्याचं वजन आणि शुद्धता पावतीवर लिहून घ्या, दागिन्यांचे फोटो काढून ठेवा. मूल्यांकनाचे आणि प्रक्रियेचे किती पैसे कापणार ते आधी विचारा. कर्ज तुमच्या नावावर घ्या. सोनं तुमचं आहे, पावतीही तुमच्याकडे असू द्या.

त्या पैशातून कार्ड त्याच दिवशी पूर्ण भरा. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज पुन्हा दिसेल. घाबरू नका, तेही भरा, आणि मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, काही बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. न केल्यास बँकेनं दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यायचा असतो. सोनं तारण ठेवायचं आणि कार्डही खिशात ठेवायचं, असं करू नका. पतसंस्थेत मी याच जागी पुष्कळ घरं पुन्हा फसलेली पाहिली आहेत. कार्ड रिकामं होतं, सणवार येतो, आणि वर्षभरात दोन्ही देणी डोक्यावर बसतात.

यजमानांच्या एकाच मोठ्या कर्जाविषयी. त्यांचा विचार मुळात चुकीचा नाही. महाग कर्ज स्वस्त कर्जानं बदलणं, हेच आपणही करतोय. पण त्यांचा आकडा तपासा. पाच लाख, १५ टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता जवळपास ११,९०० येतो. आज भिशी सोडून सगळी देणी मिळून २१,१०० जातात, त्यामुळे नऊ हजार सुटल्यासारखे वाटतात. मात्र पाच वर्षांत २ लाख १३ हजारांवर व्याज जाईल. शिवाय तुमची एकूण देणी सुमारे ४ लाख २० हजार आहेत. वरचे ऐंशी हजार कशासाठी? पत्रात पुसट उल्लेख आहे, "घराला रंगही होईल." रंग पाच वर्षं हप्ते भरून द्यायचा नसतो. भावाचं बिनव्याजी देणं आणि मोबाइलचे सात हप्ते १५ टक्क्यांच्या कर्जात ओढून घेण्यात तर काहीच अर्थ नाही. चालू वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांचं आहे, ते १५ टक्क्यांनी फेडून काय मिळणार? मुदतीआधी फेडलं तर दंडही बसू शकतो. मंजुरीपत्रात प्रीपेमेंटचं कलम वाचून घ्या.

हे त्यांच्याशी भांडताना बोलू नका. पगाराच्या आठवड्यात, मुलं झोपल्यावर, तुमची वही आणि त्यांचं कार्डाचं स्टेटमेंट शेजारी ठेवून बसा. तुम्ही लिहिलंय की स्टेटमेंट त्यांच्या मोबाइलवर येतं आणि तुम्ही ते दोनदाच पाहिलंय. दूध-भाजीचा हिशेब एकीकडे आणि व्याजाचा दुसरीकडे अशी वाटणी असेल, तर पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही.

नवी मांडणी करून बघा: वैयक्तिक कर्ज ८,२००, सोनेतारण ६,४६०, मोबाइल १,९००, दादा १,५००, भिशी ३,०००. एकूण २१,०६०. आज २४,१०० जातात. तीन हजार सुटले, आणि तुम्हाला कमी पडतात तेही साधारण तेवढेच. खड्डा पूर्ण बुजत नाही, पण कार्ड काढायची वेळ येऊ नये इतका बुजतो. सात महिन्यांनी मोबाइल संपला की ते १,९०० दादाच्या दीड हजारात मिळवा.

भिशी मधेच सोडू नका, त्यात अकरा जणींचे पैसे गुंतलेत. ३६,००० हातात आले की आधी वाण्याचे साडेसहा हजार द्या. १५,००० वेगळ्या बचत खात्यात ठेवा. उरलेले दादाला. कर्ज असताना पंधरा हजार बाजूला ठेवणं तुम्हाला पटणार नाही, मला माहीत आहे. पण घरात काहीच शिल्लक नसेल, तर मुलीचा ताप किंवा स्कूटरचं टायर तुम्हाला पुन्हा उधारीकडे नेतं. ही फेरी संपल्यावर पुढच्या भिशीत मात्र वर्षभर नाव घालू नका.

तुमच्या वहीत मला एक उणीव दिसली. ती महिन्याची आहे, वर्षाची नाही. जूनमधली वह्या-पुस्तकं आणि फी, स्कूटरचा विमा, गौरी-गणपती, दिवाळी, घरपट्टी, भाचीच्या लग्नाचा आहेर. हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. मागच्या पानावर एकदा सगळे लिहा, बेरीज करा, बारानं भागा. जो आकडा येईल तो ऐकून धक्का बसेल, पण तुमची महिन्याची तूट कुठून येते ते तिथे दिसेल. यजमानांना दिवाळीला बोनस मिळतो असं लिहिलंय. त्याचं काय करायचं ते नवरात्रातच ठरवा. खात्यात पडल्यावर ठरवलेलं टिकत नाही. माझं मत विचाराल तर निम्मा या वर्षखर्चांसाठी बाजूला ठेवा आणि निम्म्यातून सोनेतारण कर्ज कमी करा.

सासूबाईंना काही सांगितलेलं नाही, "त्यांना वाटेल आपल्यामुळे झालं," असं तुम्ही म्हणता. ताई, त्यांना ते आधीच वाटत असणार. घरात दूध कमी झालं, पेपर बंद झाला, नातू सहलीला गेला नाही, हे त्या बघत नाहीत का? न सांगितलेलं दुःख म्हातारी माणसं स्वतःच्याच खात्यावर लिहून मोकळी होतात. आकडे नका सांगू, पण कर्ज आहे, फेडायचा रस्ता ठरलाय, अमुक वर्षी संपेल, एवढं सांगा.

आणि त्यांच्यासाठी एक काम याच महिन्यात करा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत यादीतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावर नोंदणी होते. सासूबाईंचं कार्ड काढून ठेवा. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे. तुमची शिधापत्रिका अद्ययावत आहे का, मुलांची नावं त्यात आहेत का, ते बघा. जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत तेही आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी रुग्णवाहिकेत हे सुचत नाही. तुमचं कर्ज ज्या दारातून आत आलं ते दार आधी लावून घेऊ.

ज्यांच्याकडे सोनं नाही पण परिस्थिती अशीच आहे, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. मुदत ठेव किंवा जुनी विमा पॉलिसी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं आणि ते कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे विचारा. काहीच नसेल तर कार्ड कंपनीला फोन करून थकलेली रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मागा. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेला लेखी कळवा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला मोबाइलमधले फोन नंबर आणि फोटो उघडून देऊ नका. नियमानुसार त्यांना ते मागताच येत नाहीत, त्यामुळे जे अ‍ॅप मागतं ते तिथल्या तिथे काढून टाका. आणि खासगी सावकाराकडे गेलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

ताई, तुमच्यासाठी या आठवड्यातली कामं तीनच. यजमानांकडून कार्डाचं ताजं स्टेटमेंट घ्या. दोन बँकांत सोनेतारणाचा दर आणि हप्ता विचारून या, एका ठिकाणी विचारून थांबू नका. तिसरं काम चष्म्याचं. तुम्ही रोज संध्याकाळी दोन तास लहान मुलांच्या वह्या तपासता, त्यातून घरात आठ हजार येतात, आणि ते डोळ्यांवर चालतं. चष्म्याचा खर्च वहीत पहिल्या ओळीवर लिहा, मेथीच्याही वर. आणि दूध पुन्हा दीड लिटर करा.